पहिल्या पानावरची तारीख

पेच्चियम्माळच्या बोटाची कंडरा तुटली ती माझ्यासमोर, माझ्या टेबलावर, मी सांगितलेला व्यायाम करताना. ही गोष्ट मी सात आठवडे कुणाला सांगितली नाही.

मी मदुरैतल्या एका खाजगी इस्पितळात हातांवर उपचार करते. ऑपरेशन डॉक्टर करतात, तो हात पुन्हा कामाला लावायचं काम आमचं. यंत्रात बोटं सापडलेले, फटाक्यानं भाजलेले, मोटरसायकलवरून मनगटावर पडलेले, असे लोक आमच्या लांब टेबलाभोवती बसतात. कुणी मणी उचलतो, कुणी कपड्यांचे चिमटे दोरीला लावतो, कुणी नुसतं बोट सरळ करायच्या खटपटीत घामाघूम होतो. पाहणाऱ्याला वाटतं, बालवाडीच भरली आहे.

कंडरेचं काम त्यातलं सगळ्यात नाजूक. स्नायू ज्या दोरीनं बोट ओढतो ती दोरी म्हणजे कंडरा. आमच्याकडे येणारे सगळे तिला शीरच म्हणतात. ती तुटली की डॉक्टर शिवतात, पण शिवलेली कंडरा पहिले सहा आठवडे फार कच्ची असते. हात अजिबात हलवला नाही तर ती आजूबाजूला चिकटून बसते, जास्त हलवला तर टाका तुटतो. म्हणून हाताला स्प्लिंट बांधायची, म्हणजे हाताच्या मापाची प्लास्टिकची खोबण, आणि तिच्या आत रोज थोडी थोडी हालचाल करून घ्यायची. जोर लावून काही पकडणं आठव्या आठवड्याच्या आधी नाही. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. नऊ वर्षं मी हेच करते आहे.

ती दिवाळीच्या आधीची मंगळवारची सकाळ होती. तमिळसेल्वी, माझी जोडीदारीण, बहिणीच्या साखरपुड्याला गेली होती आणि तिचे रुग्ण माझ्या वाट्याला आले होते. बाहेर बाकांवर जागा नव्हती. सणाच्या आत मोकळं व्हायची जो तो घाई करत होता.

पेच्चियम्माळ त्यातच आली. चाळिशीची, काळीसावळी, ठसठशीत बाई. नवरा वारलेला, घरी म्हातारी आई. माट्टुत्तावणीच्या बाजारातून मल्लीच्या, म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या आणायच्या, गजरे बांधायचे आणि सेल्लूरच्या नाक्यावर विकायचे, हा तिचा धंदा. भोपळा चिरताना विळीवरून हात घसरला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची शीर तुटली.

"किती आठवडे झाले, अक्का?" मी विचारलं.

"तुम्हीच बघा मॅडम. मला तर वर्ष झाल्यासारखं वाटतंय."

मी फाईल उघडली. पहिल्या पानावर तारीख होती, दोन सप्टेंबर. त्या दिवशी एकोणतीस ऑक्टोबर. मनात हिशेब केला, आठ आठवडे झाले. मी तिच्या हाताची स्प्लिंट सोडायला लागले.

"सेल्वी मॅडम तर म्हणाल्या होत्या, अजून काढायची नाही."

"सेल्वी जरा जास्तच सांभाळून घेते. असंच ठेवलंत तर बोट आखडून बसेल. गजरे बांधायचेत ना?"

"बांधायचेत तर! अम्माच्या हातचे गजरे बघून गिऱ्हाइकं हसतात."

मी तिच्या तळहातावर पिवळी पुट्टी ठेवली. पोरांच्या खेळातल्या मातीसारखी असते, पण दाबायला चिवट. म्हटलं, दहा वेळा दाबा, जोर लावून. आणि मी पलीकडच्या रुग्णाकडे वळले.

सातव्या वेळी ती "आई गं" म्हणाली. "मॅडम, आत टक् झालं काहीतरी."

"आतलं चिकटलेलं सुटतं कधी कधी. होतं असं. राहिलेले तीन करा."

तिनं ते तीनही केले. ते तीन मला अजून दिसतात. दात ओठावर, डोळे माझ्याकडे, आणि मी तिच्याकडे पाहतसुद्धा नाही.

दुपारी जेवणानंतर मी सगळ्यांच्या नोंदी लिहायला बसले. तिच्या फाईलचं पान उलटलं, मग आणखी एक. दोन सप्टेंबरला गावातल्या कुठल्याशा दवाखान्यात नुसती वरची कातडी शिवली होती. कंडरा तुटली आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. ती कळली आमच्याकडे आल्यावर आणि ऑपरेशन झालं पंचवीस सप्टेंबरला. म्हणजे पाच आठवडेसुद्धा पुरे झाले नव्हते.

फाईलवर तिचा फोन नंबर होता. तेव्हाच फोन करून तिला बोलावून घ्यायला हवं होतं. निदान स्टेला मॅडमना, आमच्या विभागप्रमुखांना, जाऊन सांगायला हवं होतं. त्या काचेपलीकडे, माझ्यापासून दहा पावलांवर बसल्या होत्या. मी मनाला समजावलं, काही झालं नसेल, उगाच कशाला बोभाटा. आणि पेन उचलून लिहिलं: 'स्प्लिंटमध्येच हलकी हालचाल.' पुट्टीचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी ती बाकावर बसलेली होती. मधलं बोट काठीसारखं सरळ. बाकीची वळत होती, ते वळत नव्हतं.

तिनं तोंड उघडायच्या आत मीच विचारलं, "काल घरी गेल्यावर काय केलंत?"

आज मागं वळून पाहिलं की वाटतं, खोटी नोंद लिहिली त्याहून हा प्रश्न वाईट होता. कारण उत्तर मला ठाऊक होतं.

"काही नाही हो. संध्याकाळी अम्मानं अंघोळीला कढत पाणी मागितलं. गुडघे धरलेत तिचे. भांडं उतरवायला गेले तर हातातून निसटलंच, सगळं पाणी..."

"भांडं उचललंत?" मी मोठ्यानं म्हटलं. स्टेला मॅडमनी मान वर केली. "पाण्यानं भरलेलं भांडं?"

"तसं नाही, मी धरायला गेले तेव्हाच बोट..."

तेवढ्यात तिचं ऑपरेशन केलेले डॉक्टर इळंगो आत आले. त्यांनी बोट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "घरी भांडं उचललं म्हणतात, सर."

"काय बाई तुम्ही!" ते तिच्यावर कडाडले. "तीन तास उभा राहून शिवलं मी ते. आणि तुम्ही भांडी उचलता? हात तुमचा आहे की शेजारणीचा?"

पेच्चियम्माळनं मान खाली घातली. तिला वाटलं, एवढे शिकलेले लोक म्हणतात तर असेल आपलंच चुकलेलं. मी फाईलमध्ये लिहिलं: 'रुग्णाने घरी जड भांडे उचलले.' लिहिताना माझं अक्षर नेहमीसारखंच आलं होतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हायसं वाटलं. लाज नंतर आली.

तीन दिवसांनी दुसरं ऑपरेशन झालं. पुन्हा शून्यापासून सुरुवात. मी स्टेला मॅडमना म्हटलं, ही रुग्ण मला द्या. सेल्वी म्हणाली, "कयल, किती गं करतेस लोकांसाठी!"

आणि मी केलंही. आठवड्यातून दोनदा ती येई. मी तिला सगळ्यात जास्त वेळ देई, स्प्लिंटची एकेक कड घासून गुळगुळीत करून देई, दर रविवारी फोन करून विचारी. ती दर वेळी केळीच्या पानात एक गजरा आणायची. म्हातारीनं बांधलेला, फुलं लांब लांब, मध्ये नुसता दोरा.

"हसू नका हं, अम्माच्या हातचा आहे. म्हणते, त्या मॅडमच्या केसात आपलं फूल असलंच पाहिजे."

मी तो तिच्यासमोर माळायची. ती गेल्यावर काढून टाकायचं धाडस व्हायचं नाही, म्हणून दिवसभर तसाच डोक्यात राहायचा. कुणी जवळून गेलं आणि म्हणालं, काय सुंदर वास येतोय, की मी स्वच्छतागृहात जाऊन उभी राहायची.

कितीदा तरी सांगायचं ठरवलं. दिवाळी होऊ दे, मग म्हटलं टाके निघू देत, मग म्हटलं स्प्लिंट निघू दे. प्रत्येक वेळी काहीतरी पुढे ढकलायला सापडायचंच.

मार्गळी, म्हणजे ऐन थंडीचा महिना लागला. स्प्लिंट निघून चार दिवस झाले होते आणि पेच्चियम्माळ आली नाही. ही वेळ मोक्याची. मी फोन केला तर म्हणाली, "अम्मा तापानं फणफणलीय मॅडम, तिला सोडून कशी येऊ?" मी म्हटलं, मीच येते. चार वाजता सुटले आणि तडक सेल्लूरला गेले.

एका खोलीचं घर. दारात पांढरी रांगोळी, सकाळची, आता पायांनी पुसट झालेली. आत चटईवर म्हातारी पडली होती. अंगावर दोन चादरी, आणि उशाशी ओल्या फडक्याखाली कळ्यांची टोपली. खोकता खोकताही तिचा हात टोपलीकडे जात होता. सगळी गल्ली तिला पाट्टी म्हणजे आजी म्हणते, मीही म्हणाले.

"पाट्टी, डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवलं," पेच्चियम्माळ म्हणाली. ती डाव्या हातानं पेज ढवळत होती. "छातीत कफ साचलाय. साचणार नाही तर काय? रोज पहाटे नळाखाली जाऊन बसते. गार पाण्यानं अंघोळ. ह्या थंडीत, ह्या वयात! तुम्ही तरी सांगा, माझं ऐकत नाही."

"ऐकायचीच नाही मी," म्हातारी म्हणाली. "मीनाक्षीदेवीला नवस बोललेय मी. पोरीची मूठ मिटेस्तोवर कढत पाणी अंगाला लावायचं नाही. ह्या मेल्या गुडघ्यांचे लाड करायला गेले आणि पोरीची शीर तोडून बसले." तिला खोकल्याची ढास लागली. थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली, "सत्तर वर्षं गार पाण्यानंच धुतलं होतं की अंग. त्याच दिवशी कुठून आठवलं मला कढत पाणी?"

सात आठवडे मी समजत होते की माझ्या खोटेपणाचा भार एकट्या पेच्चियम्माळवर आहे, आणि तो मी फेडते आहे. ही म्हातारी रोज पहाटे गार पाण्याखाली बसते आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

"पाट्टी," मी म्हटलं, "तुमच्यामुळे नाही तुटली ती. माझ्यामुळे तुटली."

म्हातारीनं दोन्ही हात पुढे करून माझ्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"बघ पेच्ची, बघ. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून पोर दोष आपल्या अंगावर घेतेय. कुणाच्या पोटची गं तू, सोन्या?"

तिथेच थांबता आलं असतं. सांगितलं तर होतं, तिनं मानलं नाही, त्याला मी काय करू. हे माझ्या मनात येऊन गेलं, तेही लपवत नाही.

पण पेच्चियम्माळचा पेज ढवळणारा हात थांबला होता.

"त्या दिवशी ती पिवळी माती दिली होतीत," ती हळूच म्हणाली. "तेव्हा टक् झालं होतं."

"हो."

"मी म्हटलं होतं तुम्हाला."

"हो, म्हटलं होतंत."

"तुम्ही म्हणालात, होतं असं. अजून तीन करा."

मी होकारार्थी मान हलवली.

"ते भांडं मी उचललंच नव्हतं. धरायला गेले तेव्हाच बोट वळत नव्हतं, म्हणून तर निसटलं. मी सांगत होते दुसऱ्या दिवशी. तुम्ही बोलूच दिलं नाहीत." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटायचं, मलाच नीट आठवत नसेल. घरी येऊन मी ते भांडं दहा वेळा हातात धरून बघितलंय मॅडम. आधी काय झालं, नंतर काय झालं, सगळं पुन्हा पुन्हा."

"अक्का, मी तारीख चुकीची पाहिली. पान उलटलं नाही. त्याच दुपारी मला कळलं होतं."

"त्याच दुपारी?"

"त्याच दुपारी."

तिनं पळी खाली ठेवली. "अम्माला सांगा. तिला कळेल असं सांगा. मघासारखं गोड गोड नको."

मी म्हातारीच्या जवळ सरकून बसले आणि एकेक गोष्ट सांगितली. कच्च्या टाक्यावर मी जोर लावायला लावला. तिच्या मुलीनं दुखल्याचं सांगितलं तरी मी थांबवलं नाही. नंतर कळलं तेव्हा लपवलं. कागदावर खोटं लिहिलं. डॉक्टर तिला सगळ्यांसमोर रागावले आणि मी गप्प उभी राहिले. पाण्याच्या भांड्याचा काही संबंध नव्हता.

म्हातारीचा हात अजून माझ्या गुडघ्यावर होता. तो तिनं उचलून घेतला.

"मी ह्या बाईला गजरे बांधून पाठवत होते," ती भिंतीकडे बघून म्हणाली. मग, "पेच्ची, कढत पाणी ठेव गं चुलीवर."

पेच्चियम्माळ उठली. मीही उठले, भांडं उचलायला पुढे झाले. तिनं डाव्या हाताच्या कोपरानं मला बाजूला केलं.

"राहू द्या. तुम्ही या आता. शुक्रवारी मी येईन, पण दुसरं कोणी असू द्या."

तिथून मी घरी गेले नाही, इस्पितळात परत गेले. स्टेला मॅडम पर्स खांद्याला लावून निघायच्या बेतात होत्या. मी दार लावलं आणि सांगितलं. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

"चूक माझ्याही हातून झालीय," त्या म्हणाल्या. "ह्या खोलीत असं कुणी नाही, जिच्या हातून झाली नाही. पण कयल, तू त्या बाईच्या नावावर लिहिलंस. कागदावर. त्याला मी काय म्हणू?"

त्यांनी टेबलावरचे कोरे कागद माझ्यापुढे सरकवले.

"बस आणि सगळं लिही. तारखा घालून लिही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर इळंगोंनी ते वाचलं. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. शुक्रवारी पेच्चियम्माळ आली तेव्हा मात्र ते सगळ्यांसमोर तिच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोललो. तुमची चूक नव्हती." तिला तक्रार द्यायची असेल तर तीही लिहून घेऊ, म्हणाले.

"तक्रार लिहायला हात कुठाय, डॉक्टर?" ती म्हणाली. "आधी हात द्या, मग बघू."

टेबलाभोवतीचे लोक हसले. ती हसली नाही.

इस्पितळानं दुसऱ्या ऑपरेशनचा भार स्वतःकडे घेतला. मला तीन महिने रुग्णाच्या हाताला हात लावायची मनाई झाली. मी मागच्या कपाटाजवळ बसून स्प्लिंटचे पट्टे शिवायची, जुन्या फायली लावायची. तमिळसेल्वी माझ्याशी नीट बोलेना. तिनं सांगितलेलं मी त्या दिवशी उडवून लावलं होतं, आणि तेही आता सगळ्यांना कळलं होतं. काचेतून मला पेच्चियम्माळ दिसायची, स्टेला मॅडमसमोर बसलेली. काय बोलतात ऐकू यायचं नाही. बोट थोडं थोडं वळताना दिसायचं, आणि मग एका टप्प्यावर येऊन अडलेलं. दोनदा तुटलेली कंडरा पहिल्यासारखी सरकत नाही. म्हातारी बरी झाल्याचं मला शिपायाकडून कळलं.

उन्हाळ्यात, चित्तिरै महिन्यात, मीनाक्षीदेवीच्या लग्नाच्या उत्सवानंतर, ती शेवटचं माप द्यायला आली. मी तोवर पुन्हा टेबलावर बसायला लागले होते. स्टेला मॅडमना वर मीटिंगला बोलावणं आलं होतं. पेच्चियम्माळ दारात उभी राहून खोलीभर पाहत होती. मी उठून सेल्वीला हाक मारणार, तोच ती माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसली आणि हात टेबलावर ठेवला.

"बसची वेळ होतेय. घ्या तुम्हीच."

मी फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग म्हटलं, मूठ वळा. चार बोटं वळली. मधल्याचं टोक तळहातापासून दोन बोटं वर राहिलं. पट्टीनं मोजलं, पुन्हा मोजलं, तेवढंच आलं.

"गजरे बांधता येतात?"

"येतात. पूर्वी तासात दहा हात माळ व्हायची, आता सहाच हात होते. दोरा ह्या बोटाऐवजी ह्या बोटावरून घेते." तिनं करून दाखवलं. "पण रसम-भात खाता येत नाही. घास उचलला की रसम ह्या फटीतून गळतं, पार कोपरापर्यंत ओघळतं. लग्नाकार्यात पंगतीला बसायला लाज वाटते."

"चमच्यानं..." मी म्हणायला गेले.

"रसम-भात चमच्यानं?" ती म्हणाली, आणि तिच्या ओठाची कड क्षणभर हलली. मग सरळ माझ्याकडे पाहून विचारलं, "हे अजून सुधारेल का? खरं सांगा."

"नाही, अक्का. आता इतकंच."

तिनं मान हलवली. पिशवी डाव्या खांद्याला अडकवली, खुर्ची टेबलाखाली सारली आणि गेली. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच काहीतरी मागणं झालं असतं.